हित्ती आप्पाचं नववं कलम

शिरोळच्या तहसील कचेरीसमोर पत्र्याच्या शेडात सात बॉण्ड रायटर बसतात. सहा जणांकडे कॉम्प्युटर आहेत. सातव्याकडे, म्हणजे भरमाप्पा हेरवाडेकडे, शाईचं पेन आहे आणि तोंड आहे. अक्षर असं की शाळामास्तरानं लाजावं, आणि तोंड असं की मामलेदारानंही जपून बोलावं. खरेदीखत असो, वाटणीपत्र असो की भांडणाचा समझोता, लिहायच्या आधी तो पंधरा प्रश्न विचारणार. गिऱ्हाईक वैतागतं. "आप्पा, कागद लिवताय का जबाब घेताय?" असं म्हणतं. मग भरमाप्पा चष्मा कपाळावर चढवतो आणि हित्ती लोकांचं पुराण सुरू करतो. त्यावरून त्याचं नावच पडलं, हित्ती आप्पा.

हित्ती कोण, हे शिरोळ तालुक्यात जितक्या लोकांना ठाऊक आहे तितक्यांना पुण्यातही नसेल. आजच्या तुर्कस्तानातल्या डोंगराळ मुलखात साडेतीन हजार वर्षांमागं त्यांचं राज्य होतं. हत्तुशा ही त्यांची राजधानी. देव इतके की ते स्वतःच म्हणत, आमचे हजार देव. घोड्यांचे रथ घेऊन त्यांनी मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, रामेसेस राजाशी कादेशला लढाई केली. कोण जिंकलं? रामेसेसनं देवळांच्या भिंतींवर कोरून ठेवलं की मी एकट्यानं सगळ्यांना लोळवलं. हित्ती म्हणाले, जिंकलो आम्हीच. "कुस्ती सुटली बरोबरीत, आन् दोन्ही तालमींनी गुलाल उधळला," असं भरमाप्पा सांगतो, तेव्हा चहा प्यायला आलेले लोक हसतात.

पण त्याला लढाईचं कौतुक नाही. त्याला कौतुक आहे पुढच्या कागदाचं. लढाईनंतर पंधराएक वर्षांनी हित्ती राजा हत्तुशिली आणि रामेसेस यांनी तह केला. तो चांदीच्या पत्र्यावर कोरला आणि त्यावर हित्ती राणी पुदुहेपाचा स्वतःचा शिक्का उठवला. चांदी कुठं गेली कुणास ठाऊक. पण हत्तुशाच्या कारकुनांनी ओल्या मातीच्या पाट्यांवर नक्कल करून ठेवली होती, ती शंभर-सव्वाशे वर्षांमागं उकरून निघाली. "पाटीचे तुकडे झाल्यात, पर वाचाय येत्यात," हे सांगताना भरमाप्पाचा आवाज असा होतो, जणू त्याच्याच घराण्यातल्या कुणी ती नक्कल केली होती.

हे वेड त्याला कुठून लागलं, ते मात्र तो सांगत नाही.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा तो चाळिशीत होता, हाताला वेग होता आणि वेगाचा गर्व होता. कृष्णाकाठच्या एका गावातली पोरगी दुसऱ्या जातीतल्या पोराबरोबर पळून गेली होती. मिरजेत सापडली. दोन्ही घरचे समझोता करायला आले. भरमाप्पानं पंधरा मिनिटांत कागद लिहिला, जसा सगळे लिहीत, जसा त्याला त्याच्या उस्तादानं शिकवला होता. 'मुलगी राजीखुशीने घरी परत येत असून उभय पक्षांत समेट झाला आहे. यापुढे कोणाचीही कोणाविरुद्ध काही एक तक्रार राहिलेली नाही.' सह्या झाल्या, पेढे वाटले. दोन महिन्यांनी पोरगी विहिरीत सापडली. पोलीस आले तेव्हा तिच्या चुलत्यानं पेटीतून तोच कागद काढून पुढं केला. काही एक तक्रार राहिलेली नाही.

भरमाप्पा घरी आला आणि बायकोला, बसव्वाला म्हणाला, "ती आली न्हवती. मी तिला लिवून दिली." बसव्वानं ताट वाढलं, ते तसंच राहिलं. त्यानं धंदा सोडायचा विचार केला. मग वाटलं, आपण उठलो तर आपल्या जागी बसणारा तेच वाक्य लिहील. सगळ्या महाराष्ट्रात सगळे तेच वाक्य लिहीत होते.

दोन वर्षांनी कोल्हापुरात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर त्याला एक कव्हर नसलेलं पुस्तक दिसलं. बुडालेल्या राज्यांबद्दल होतं. उभ्या उभ्या चाळता चाळता तो त्या तहापाशी आला. इकडून तिकडं पळून गेलेल्या माणसांना परत पाठवायचं कलम होतं. परत पाठवलेल्या माणसावर त्याचा गुन्हा ठेवू नये. त्याचं घर, त्याच्या बायका, त्याची मुलं यांचा नाश करू नये. त्याला ठार मारू नये. त्याच्या डोळ्यांना, कानांना, तोंडाला, पायांना इजा करू नये.

त्याला रडू आलं नाही, संताप आला. सव्वातीन हजार वर्षांमागं, मातीवर काडीनं लिहिणाऱ्या कुणा कारकुनाला कळत होतं की नुसतं 'समेट झाला' म्हणून भागत नाही, माणसाचा एकेक अवयव नाव घेऊन राखावा लागतो. आणि आपण शाईचं पेन घेऊन बसलेले शहाणे! गाडीवाल्यानं दोनदा विचारलं, "पावणं, घेणार हाय का नुसतं वाचणार?" तेव्हा तो भानावर आला.

त्या दिवसापासून भरमाप्पाचा समझोता हित्ती पद्धतीनं होऊ लागला. आधी इतिहास, म्हणजे दोघांत काय काय घडलं ते, लपवाछपवी न करता. हित्ती राजे दुबळ्या राजाशीही करार करताना आधी हेच लिहीत. मग कलमं. मग साक्षीदार. हित्ती लोक हजार देवांबरोबर डोंगर, नद्या, वारा, ढग यांनाही साक्षीला बोलावत, म्हणून भरमाप्पाही शेवटी 'कृष्णा व पंचगंगा साक्ष' अशी ओळ घालतो. वकील त्याला हसतात, कायद्यात नद्यांना सही करता येत नाही म्हणतात. तो म्हणतो, "पुराला येताना त्या कायदा बघत्यात का?" आणि सगळ्यात शेवटी कागद मोठ्यानं, चारचौघांत वाचायचा, कारण हित्ती राजे आपले करार मांडलिकांना वर्षातनं तीन तीन वेळा वाचून ऐकवायला लावत. पळून गेलेल्या पोरीचा कागद असला की नववं कलम ठरलेलं, डोळे, कान, तोंड, हातपाय यांचं. नंबर नऊच का, याला कारण नाही. पहिल्यांदा ते नववं आलं, म्हणून पुढं तसंच राहिलं. तालुक्यातल्या बायकांना हित्तींचं काही पडलेलं नाही, पण 'आप्पाचं नववं कलम' त्यांना पाठ आहे.

म्हणूनच यंदाच्या जानेवारीत गणपतराव त्याच्या टेबलाशी आला.

गणपतराव म्हणजे नदीकाठच्या एका गावातला कारभारी माणूस. कडक इस्त्री, पांढरी गाडी, आणि गावात त्याच्या शब्दाबाहेर पान हलत नाही. बरोबर धाकटा भाऊ बाळासो, जन्मभर थोरल्याच्या मागून चाललेला. बाळासोची मुलगी शिवांजली, वय बावीस, चार महिन्यांपूर्वी अभिराम नावाच्या दुसऱ्या जातीच्या मुलाशी नोंदणी लग्न करून लांब आजऱ्याला गेली होती. मुलगा तिथं काजूच्या कारखान्यात सुपरवायझर होता. गणपतरावानं सगळ्या शेडाला चहा सांगितला आणि खुर्ची ओढली.

"आप्पा, एक कागद पायजे. पोरगी घरी यायची, आन् आमी इथं रीतसर लगीन लावून देणार. मांडव घालून. झालं गेलं गंगेला मिळालं. पर ती म्हणत्या, भरमाप्पांच्या हातचा कागद आसंल तरच येते."

"मग लिवू की," भरमाप्पा म्हणाला आणि पेनाचं टोपण काढलं. "आधी इतिहास सांगा."

"इतिहास कसला? पोरगी गेली. एवढाच."

"का गेली?"

"वय हाय, पाय घसरला."

"पाय घसरल्यालं माणूस आजऱ्यापतूर जात न्हाय. का गेली, बाळासो?"

बाळासो चपलेच्या अंगठ्याकडं बघत होता. शेडात चहाचे कप वाजत होते. तो म्हणाला, "कोंडून ठेवलती. माळ्यावर. एकवीस दिवस."

"बाळासो!" गणपतराव म्हणाला.

"फोन काढून घेतलता. आन् तोंडात मारलं. मीच."

भरमाप्पानं मान वर न करता लिहिलं. एकवीस दिवस. फोन. तोंडात मारले. गणपतरावानं टेबलावर हात ठेवला. "हे लिवायचं न्हाय. घरातली गोष्ट हाय."

"घरातलीच हाय की. म्हणून तर लिवतोय. इतिहासाबिगर माझ्याकडं कागद होत न्हाय, ठाऊक असंल तुमाला." आणि तो पुढं लिहीत राहिला. गणपतरावानं दम धरला, कारण त्याला कागद हवा होता, आणि दुसऱ्याच्या हातचा कागद आजऱ्यात चालणार नव्हता. एकामागून एक आठ कलमं झाली. मग भरमाप्पानं नववं लिहिलं आणि आपल्या रिवाजाप्रमाणं मोठ्यानं वाचलं.

"'शिवांजली व तिचा नवरा अभिराम यांनी केलेल्या लग्नाबद्दल त्यांना कोणीही पुन्हा विचारणा करणार नाही. त्यांच्या जिवास, डोळ्यांस, कानांस, तोंडास, हातापायांस कोणीही इजा करणार नाही. तिला कोंडणार नाही. तिचा फोन घेणार नाही. ती ज्या घडीला जाते म्हणेल, त्या घडीला तिला दार उघडे असेल. यात कसूर झाल्यास खाली सह्या करणारे जबाबदार राहतील.' गणपतराव, पयली सही तुमची. घरात मोठे तुमी."

"हे डोळं-कान काढा."

"का?"

"आमी काय कसाई हाय व्हय? लोकं काय म्हणतील?"

"कसाई न्हाय न्हवं? मग सही कराय काय जातंय तुमचं?"

शेजारच्या टेबलांवरचं टायपिंग थांबलं. गणपतरावानं चार वेळा तेच सांगितलं. नववं कलम काढा, त्याच्या जागी 'काही एक तक्रार राहिलेली नाही' एवढं घाला, सगळे घालतात. भरमाप्पानं चारही वेळा नाही म्हटलं. मग गणपतराव शेजारच्या आकारामकडं वळला. "तू लिव रं. ह्याच्या अक्षरागत प्रिंट काढ."

आकाराम हा शेडातला सगळ्यात भित्रा रायटर. त्यानं कॉम्प्युटरचं बटण दाबून स्क्रीन काळी केली आणि म्हणाला, "लाईट न्हाय, साहेब." डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. कुणीतरी मागं हसलं, आणि त्या हसण्यानं गणपतरावाचा उरलासुरला ताबा सुटला. "तुमी" जाऊन तोंडावर "तू" आलं.

"उद्यापास्नं आमच्या गावचा एक कागद तुझ्याकडं येणार न्हाय. ह्या शेडात तुझं टेबल ऱ्हातंय का बघतो. मोठा आला हित्ती! सत्तावीस वर्सांमागं त्या पोरीचा कागद कुणी लिवलता रं? जी हिरीत गावली? तवा कुठं गेलतं तुझं नववं कलम?"

ती गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक होती, पण तोंडावर कुणी काढली नव्हती. भरमाप्पानं पेन खाली ठेवलं आणि तो टेबलाला धरून उभा राहिला. अडुसष्टाव्या वर्षी गुडघे लगेच सरळ होत नाहीत, त्याला वेळ लागला.

"व्हय," तो म्हणाला. मग सगळ्या शेडाला ऐकू जाईल असं म्हणाला, "व्हय, मीच लिवलता. पंधरा मिन्टांत. पेढा बी खाल्ला. ते पाप माझंच हाय, ते कुणाच्या अंगावर ढकलणार न्हाय मी. म्हणून तर हे कलम लिवतोय, गणपतराव. टेबल उचला माझं. भुईवर बसून लिवीन. पर ह्या हातानं आता आणखी एक पोरगी लिवून देणार न्हाय."

गणपतराव कच्चा माणूस नव्हता. आवाज खाली आणून तो भावाला म्हणाला, "लाव तिला फोन. आन् आप्पा, तुमी एवढंच सांगा, कागद झालाय. बाकीचं आमी बघतो. तुमच्या तोंडानं ऐकलं की ती येत्या."

बाळासोनं फोन लावून पुढं केला. भरमाप्पानं घेतला आणि स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"आप्पा? झाला का वं कागद?" पोरीचा आवाज आला. मागं कुठंतरी कुकरची शिट्टी होत होती.

"झालाय, बाई. वाचून दावतो. नीट ऐक."

"थांबा आप्पा, जरा थांबा. फोन दुसऱ्या कानाला धरते. डाव्यानं ऐकाय येत न्हाय आता."

बाळासोनं मान वर केली. "कधीपास्नं?" तो म्हणाला. कुणाला विचारतोय तेच त्याला कळत नव्हतं.

पलीकडं तिनं बापाचा आवाज ओळखला. मग ती म्हणाली, "आण्णा हाईत व्हय तिथं? ... त्याच दिवसापास्नं आण्णा. पडदा फाटलाय म्हणत्यात डॉक्टर. जाऊ दे. वाचा आप्पा."

भरमाप्पानं वाचलं. इतिहास वाचला, आठ कलमं वाचली, नववं वाचलं. 'कानांस' या शब्दाशी तो अडखळला आणि पुढं गेला. कृष्णा व पंचगंगा साक्ष, इथपर्यंत वाचून थांबला.

"सह्या कुणाकुणाच्या हाईत?" तिनं विचारलं.

गणपतराव पुढं झुकून हळूच म्हणाला, "सांगा, झाल्या म्हणून."

"एकाची बी न्हाय," भरमाप्पा फोनकडं तोंड करून म्हणाला. "तुझ्या चुलत्यांनी नववं कलम काढा म्हटलंय. डोळं-कान काढा म्हणत्यात. मी काढलेलं न्हाय. तू येऊ नको. मांडव घालू देत, न्हायतर हत्ती झुलू देत, हितं सही झाल्याबिगर उंबऱ्याच्या आत पाय टाकू नको. ऐकलं न्हवं?"

"ऐकलं, आप्पा."

गणपतराव फोनवर झडप घालायला वळला, पण मध्ये बाळासो होता. एरवी त्यानं बाजू दिली असती. आज तो हलला नाही. त्यानं पेन उचललं, उलटं धरलं, सुलटं केलं.

"इतिहासात वाढवायचं हाय, आप्पा," तो म्हणाला. "डावा कान. माझ्या हातानं गेला. लिवा."

"बाळासो, येडा झालास काय? घराची अब्रू..." गणपतराव म्हणाला.

"लिवा, आप्पा."

भरमाप्पानं लिहिलं. बाळासोनं खाली सही केली, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, एकेक अक्षर दाबून. मग फोनकडं वाकून ओरडला, ती कुठल्या कानानं ऐकतेय याचा भरवसा नसल्यागत. "शिवांजली, तू येऊ नको. मी येतो. जयसिंगपूरास्नं गाडी धरतो, कोल्हापुरातनं आजऱ्याची. मला दारात घेतलंस तर आत येतो, न्हाय घेतलंस तर दारातच कागद ठेवून माघारी जातो."

मग ती म्हणाली, "अभिरामला ष्टँडवर धाडते. तुमाला घर सापडायचं न्हाय."

फोन बंद झाला. भरमाप्पानं त्या कागदाच्या दोन झेरॉक्स आणवल्या. एक बाळासोनं शर्टाच्या आत छातीशी घातली. दुसरी गणपतरावापुढं सरकवत भरमाप्पा खुर्चीवर बसला. सहीच्या मोकळ्या जागेवर त्यानं बोट ठेवलं.

"तुमच्या सहीची जागा सोडलीया, गणपतराव. उद्या या, परवा या, धा वर्सांनी या. टेबल असंल तर टेबलाशी, नसंल तर भुईवर, मी हितंच घावीन. पर नववं कलम निघायचं न्हाय."

गणपतराव कागद न घेताच गेला. बाळासो दुसऱ्या बाजूनं बाहेर पडला आणि जयसिंगपूरला निघालेल्या वडाप जीपमागं पळत सुटला.